कुंभार्ली घाट, आईचं लिंबू आणि देशी-परदेशी गाडीचा वाद

घाटमाथेकर

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या धाग्यांवर आजवर वाचनमात्र होतो. आज लिहायला बसलोय, कारण घरात दोन तट पडलेत.

माझी गाडी सहा वर्षांची, देशी कंपनीची, डिझेल, उंच. धाकट्या भावाची युरोपियन कंपनीची, १.० लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. दोन्हींची नावं सांगणार नाही. नाव घेतलं की दहाव्या प्रतिसादाच्या आत धाग्याचं कुरुक्षेत्र होतं. ओळखलंत तर मनात ठेवा.

मे महिन्यात सासुरवाडीला चिपळूणला गेलो होतो. दोन्ही गाड्या बरोबर. कराडला आईला घेतलं आणि पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरलो. आईला घाट लागतो, त्यामुळे पर्समध्ये लिंबू असतंच. माझ्या गाडीत चौथ्या वळणाला लिंबू बाहेर आलं आणि पोफळीपर्यंत नाकाला होतं. गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते, मी स्टीअरिंग सरळ करतो तेव्हा ती परत येते, पण जरा उशिरा. त्या दोन हेलकाव्यांच्या मध्ये आई 'देवा रे' म्हणते.

परतताना मुद्दाम गाड्यांची अदलाबदल केली. भावाच्या गाडीत आई पूर्ण घाटात गप्पा मारत होती. लिंबू पर्समध्येच. गाडी बोट दाखवाल तिकडे वळते, आडवी होतच नाही. पण घाट संपून पाटणकडचा उखडलेला पट्टा आला आणि प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यात मोजता आला. एकदा 'ठण्ण' असा आवाज आला, रिमला चांगलाच पोचा. माझी गाडी तिथून अशी जाते की खड्डा होता हे मागच्यांना कळतही नाही.

आता माझी गाडी बदलायची आहे. पंधरा ते वीस लाख. भाऊ म्हणतो एकदा परदेशी चालवलीस की परत फिरणार नाहीस. वडील म्हणतात आपल्या माणसांची घे. पिकअप, घाटातली पकड आणि रोजचा वापर या तिन्ही बाजूंनी इस्कटून सांगा. ॲव्हरेजचं नंतर बघू.

---

रिकामटेकडा_७

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन येतोच.

---

पाना_दहाबारा

माझं गॅरेज आहे, सगळ्या जातीच्या गाड्या उघडून झाल्यात. तुमच्या कसोटीत दोन घोळ आहेत. एक गाडी घाट उतरताना तपासलीत आणि दुसरी चढताना. उतरताना ब्रेक लागतो, वजन पुढच्या चाकांवर येतं, नाक खाली जातं, मागचा भाग हलका होतो. चढताना गाडी मागे दबून बसलेली असते. शिवाय चढाला वेग आपोआप कमी. दुसरा प्रश्न: आई दोन्ही वेळा एकाच सीटवर होत्या का?

---

घाटमाथेकर

@पाना_दहाबारा, इथेच फसलो. जाताना मागे, येताना पुढे.

---

रिकामटेकडा_७

संपला धागा. लिंबाला क्लीन चिट.

---

पाना_दहाबारा

धागा संपत नाही, निरीक्षण अर्धं बरोबर आहे. गाडी कलते याला आम्ही बॉडी रोल म्हणतो. उंच गाडीचं वजन उंचावर, त्यामुळे वळणावर ते बाहेर ओढतं. त्याला आवरायला कडक स्प्रिंग, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा जाड अँटी-रोल बार आणि स्प्रिंगला पटकन शांत करणारा शॉकॉब्सर हवा. पण हे तिन्ही कडक केले की खड्डा सरळ सीटपर्यंत येतो. जर्मनीत रस्ता गुळगुळीत आणि वेग जास्त, म्हणून ते कडकपणाकडे झुकले. आपल्याकडच्या कंपन्यांनी गाडी बनवली ती सहा माणसं, टपावर सामान आणि न दिसणारा स्पीड ब्रेकर धरून, म्हणून त्या मऊपणाकडे झुकल्या. यात देशप्रेम कुठेच नाही, ज्याचा त्याचा रस्ता आहे.

आणि हे चित्रही आता जुनं झालं. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ला मागे मल्टी-लिंक इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं) आहे आणि छोट्या हादऱ्याला मऊ, मोठ्या हेलकाव्याला कडक होणारे शॉकॉब्सर आहेत. स्कोडाच्या कुशाकला, फोक्सवॅगनच्या टायगुनला मागे साधा टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं एका दांड्यानं जोडलेली. म्हणजे कागदावर देशी गाडी वरचढ. तरी वळणावर कुशाक हलकी, चपळ वाटते, कारण ती कितीतरी हलकी आणि ठेंगणी आहे. पावणेदोन टनांच्या आसपासची सात सीटर कितीही हुशार केली तरी वजन लपत नाही.

रिमचं म्हणाल तर आधी सांगा, टायरमध्ये हवा किती होती?

---

घाटमाथेकर

भावाला विचारून सांगतो. पंपावरचा पोरगा भरेल ती.

---

जुना_खटारा

देशी-परदेशी हा शब्दच मला कळत नाही. आमच्या लहानपणी मुख्य देशी गाड्या दोनच होत्या. अँबेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००. कुर्ल्याला बनायची म्हणून ती आपली. काँटेसा आली, ती मूळची व्हॉक्सहॉल. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, ती जपानी. स्वतः आखलेली पहिली देशी मोटार म्हणायची तर इंडिका, डिसेंबर १९९८. तीही दिसायला इटलीतल्या डिझाइन कंपनीच्या मदतीनं.

वडिलांची गाडी (नाव नको) खंडाळ्याला दर वेळी उकळायची. बोनेट उघडायचं, फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण सैल करायचं, वाफ गेली की पाणी. आम्ही पोरं तोवर करवंदं खायचो. घाटात थांबायचंच हे गृहीत होतं, डबाही त्या हिशेबानं भरलेला असायचा. हँडलिंग हा शब्द कुणाला माहीत नव्हता. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, आणि पुढच्या सीटवर तिघं.

---

चाकणची_चिमणी

@जुना_खटारा +१. मी चाकण एमआयडीसीत कामाला आहे, गाड्यांच्याच धंद्यात, म्हणून ऐका. धागाकर्त्यांच्या भावाची 'परदेशी' गाडी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर बनते. कुशाक, स्लाव्हिया, टायगुन, व्हर्टस सगळ्या चाकणच्या. त्याच चाकणला महिंद्राचा कारखाना, तिथे एक्सयूव्ही ७०० बनली आणि स्कॉर्पिओ-एन बनते. दोन्हीकडे जाणाऱ्या बसेस एकाच चौकात अडकतात.

आणखी गंमत हवी? रांजणगावला फियाट आणि टाटाचा एकत्र कारखाना आहे. तिथे जीप कंपास बनते, ती जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत गेली. तिथेच टाटाची नेक्सॉन बनते. आणि कंपासचं २.० लिटर डिझेल इंजिन तेच टाटाच्या हॅरिअरचं इंजिन! फियाटचं मल्टिजेट, टाटानं नाव दिलं क्रायोटेक. हॅरिअरचा सांगाडा लँड रोव्हरच्या सांगाड्यावरून घेतलेला, आणि २००८ पासून जग्वार-लँड रोव्हरची मालकीच टाटांकडे. मग हॅरिअर देशी, कंपास अमेरिकन आणि लँड रोव्हर ब्रिटिश, हे ठरवणार कोण?

उलट बघा. मारुती फ्राँक्स गुजरातेत बनून जपानला विकायला जाते. तिथल्या माणसाला ती 'इम्पोर्टेड'.

---

हिशेबी_माणूस

वाद भावनेचा नाही, कराचा आहे. पूर्ण बनून बोटीतून येणारी गाडी हीच खरी इम्पोर्टेड. तिच्यावर सीमाशुल्क साधारण ७० टक्क्यांपासून ११० टक्क्यांपर्यंत. त्यावर जीएसटी. त्यावर महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीचा रोड टॅक्स २० टक्के, तर इथे बनलेल्या पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३, डिझेलला १३ ते १५. करावर कर चढत जातो.

उदाहरण: २०२५ मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय आणली. २.० टर्बो, २६५ पीएस (अश्वशक्ती), शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. एक्स-शोरूम ५२.९९ लाख. पाच दरवाजांची हॅचबॅक, आकारानं आपल्या कुठल्याही मोठ्या हॅचबॅकपेक्षा थोडीशीच लांब. तरी पहिल्या खेपेच्या १५० गाड्या हातोहात गेल्या. अशा गाड्या आणता येतात कारण एका कंपनीला वर्षाला २५०० पर्यंत गाड्या इथली पूर्ण चाचणी न करता आणायची मुभा २०१८ पासून आहे.

२४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी करार झाला, त्यात ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांवर यायचं आहे. पण त्यातून आपल्या पंधरा-वीस लाखांत काही पडणार नाही. तिथल्या गाड्या म्हणजे मुळातच महागड्या.

तुमच्या बजेटला दुसरा बदल महत्त्वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतची गाडी जीएसटीच्या १८ टक्क्यांत बसते. त्याहून मोठी ४० टक्क्यांत, मात्र वरचा सेस गेला. नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ, स्कोडा कायलाक खालच्या खणात. कुशाक एक लिटरची असूनही लांबीमुळे वरच्या.

---

लाल_मातीतला

हिशेबीसाहेब, गोल्फ घेऊन आमच्या गावी या. वाडीच्या तोंडाला जो स्पीड ब्रेकर ग्रामपंचायतीनं बांधलाय त्यावर ती जहाजासारखी अडकेल, पुढची चाकं रायगडात, मागची रत्नागिरीत.

---

बेटाऊट_मिशिगन

हा वाद माझ्या ओळखीचा आहे. डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, इथे तर तो पोटापाण्याचा. गाडी कंपन्यांच्या कामगार संघटनेच्या कार्यालयाबाहेर 'परदेशी गाड्या इथे लावू नका' अशा पाट्या असायच्या. आता मजा बघा: टोयोटा कॅमरी केंटकीतल्या जॉर्जटाउनला बनते, होंडानं १९८२ मध्येच ओहायोतल्या मेरिसव्हिलला अकॉर्ड बनवायला सुरुवात केली. आणि शेवरोलेची ट्रॅक्स कोरियाहून येते, ब्यूकची एन्व्हिजन चीनहून. शेजारचे आजोबा निवृत्त कामगार, ब्यूकवाले. मी कॅमरीवाला. एकदा बर्फ उपसता उपसता मी त्यांना हे सांगितलं. चार दिवस बोलले नाहीत.

चालवण्यातला फरक मात्र इथेही होता, आणि तोही रस्त्यामुळेच. अमेरिकन गाडी सरळ रस्त्याची राणी. मस्टँगला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन नेहमीसाठी आलं ते २०१५ च्या मॉडेलला. तोवर मागे ट्रकसारखा अखंड, जाड ॲक्सल. शंभर मैल सरळ जायचं तर काय फरक पडतो? वळण आलं आणि रस्ता खडबडीत असला की मागचा भाग उडी मारायचा. जपानी आणि जर्मन गाड्यांनी इथल्या लोकांना वळायला शिकवलं, असं माझं मत. (अमेरिकन मित्र मराठी वाचत नाहीत म्हणून लिहितोय.)

---

सुसाट_सुनबाई

मला एक कळत नाही, सगळे पीएस आणि एनएम (इंजिनाचा पीळ, टॉर्क) मोजताय, कुणी गाडी गर्दीत चालवतं की नाही? मी रोज हिंजवडी. माझ्या मते पिकअप म्हणजे शंभरचा वेग किती सेकंदांत, ते नव्हे. दुसऱ्या गिअरला, पंधराच्या वेगाला, बसच्या मागून बाहेर पडताना पाय दाबला आणि गाडी लगेच निघाली का, हे माझं पिकअप.

माझ्याकडे आधी १.५ लिटरची साधी, बिनटर्बोची जपानी सेडान होती. पेट्रोल इंजिन रेशमासारखं, पण १४५ एनएम ताकद पूर्ण मिळते ती ४३०० आरपीएमला. घाटात चौघं आणि बॅगा असल्या की दुसरा गिअर टाकून इंजिन ओरडवत जायचं. मजा यायची, सासूबाईंना वाटायचं गाडी फुटणार. आता टर्बो पेट्रोल आहे. १७५० च्या पुढे खेचते, पण त्याखाली मेलेली. वळणावर तिसऱ्यात राहिलात तर एक-दोन-तीन मोजा, मग टर्बो जागा होतो आणि एकदम ढकलतो. घाटमाथेकर, तुमच्या भावाला विचारा, गोल वळणाला ते पहिला गिअर टाकतात का.

---

घाटमाथेकर

विचारलं. टाकतो म्हणाला, आणि ओशाळला. माझं डिझेल त्याच वळणाला दुसऱ्यात कुरकुर न करता जातं.

---

पाना_दहाबारा

सुनबाईंनी नेमकं बोट ठेवलं. म्हणून वीस लाखांच्या आसपास परदेशी बिल्ल्याची घ्यायची तर १.० आणि १.५ लिटर वेगवेगळ्या गाड्या समजा. १.० ला ११५ पीएस, १७८ एनएम. १.५ ला १५० पीएस, २५० एनएम, तेही १६०० आरपीएमपासून. घाटात दुसरी म्हणजे वेगळाच प्राणी. फक्त ऑटोमॅटिक घेताना लक्षात ठेवा: १.० ला साधा टॉर्क कन्व्हर्टर येत आलाय आणि १.५ ला सात गिअरचा ड्युअल क्लच. तो क्लच कोरडा आहे, तेलात बुडालेला नाही. चढावर ट्रकच्या मागे इंच इंच रांगत गेलात तर कुठलाही कोरडा क्लच तापणारच. युक्ती सोपी: पुढच्या गाडीला जरा पुढे जाऊ द्या, मग एकदम निघा. ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर तोलून धरू नका, ब्रेक कशाला दिलाय?

देशीत महिंद्राचं २.० टर्बो पेट्रोल बघा, एक्सयूव्ही ७०० मध्ये २०० पीएस, ३८० एनएम. ताकदीच्या बाबतीत 'देशी म्हणजे मठ्ठ' हे म्हणणं इथे मिटतं. पेट्रोल पिते मात्र तशीच, पंपवाला नावानं ओळखायला लागतो.

---

नाना_चिपळूणकर

इतके प्रतिसाद झाले, सर्व्हिस सेंटरवर कुणी बोललं नाही. माझ्याकडे परदेशी कंपनीची गाडी होती, नाव गुलदस्त्यात. चालवायला लोणी. एका श्रावणात कोयनेजवळ एक सेन्सर गेला, स्क्रीनवर पिवळा दिवा आणि गाडी चाळीसच्या वर जाईना. टो करून मोठ्या शहरात नेली, सुटा भाग यायला तेवीस दिवस. भाग तळहाताएवढा. गणपतीला एसटीनं गेलो.

नंतर घेतली ती देशी कंपनीची. तिच्या दाराचं रबर सुटलं, डॅशबोर्डातून किडा बोलल्यासारखा आवाज येतो, मधला स्क्रीन महिन्यातून एकदा काळा पडतो. शोरूमवाले 'सॉफ्टवेअर अपडेट येईल' म्हणतात, दीड वर्ष झालं. पण रस्त्यात कधी उभी राहिली नाही, आणि गावातला मेकॅनिक तिची लिंक रॉड डोळे मिटून बदलतो. मला सोसायचं ठरवावं लागलं: रोज थोडं की वर्षातून एकदा भरपूर. मी रोजचं थोडं निवडलं.

---

चाकणची_चिमणी

नाना, तुमचं दुःख कळतं, पण मजबुतीवर 'देशी म्हणजे पत्रा' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन, डिसेंबर २०१८. मग जानेवारी २०२० ला अल्ट्रॉझ आणि एक्सयूव्ही ३००. कुशाक आणि टायगुनला पाच तारे ऑक्टोबर २०२२ मध्ये, तेव्हा नियम आणखी कडक झाले होते. भारत एनकॅप सुरू झाल्यावर पहिल्या पाच ताऱ्यांच्या गाड्या हॅरिअर आणि सफारी. दोन्ही बाजू पास आहेत. नापासांची यादी वेगळी, ती काढत नाही.

---

रिकामटेकडा_७

काढा की. शंभरी गाठायची आहे.

---

घाटमाथेकर

अपडेट. गेल्या रविवारी पाना_दहाबारांच्या नियमांप्रमाणे कसोटी परत घेतली. ताम्हिणी, मुळशीकडून उतरायचं आणि त्याच वाटेनं चढायचं, दोन्ही गाड्या, दोन्ही वेळा आई मागे डावीकडे, दोन्ही वेळा गाडी मीच चालवली. आईला गरम भज्यांची लाच द्यावी लागली.

आधी हवा तपासली. भावाच्या टायरमध्ये ४० निघाली. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय ३२! दगड घेऊन फिरत होता बिचारा. ३२ वर आणल्यावर तोच कडक माणूस जरा माणसात आला. खड्डा अजून कळतो, पण दात वाजत नाहीत.

निकाल: उतरताना दोन्ही गाड्यांत लिंबू बाहेर. माझ्या गाडीत लवकर, भावाच्या गाडीत बरंच उशिरा, शेवटच्या मोठ्या वळणांना. चढताना दोन्हींत नाही. मग शेवटची फेरी माझ्याच गाडीत, पण भाऊ चालवायला. तो वळणाच्या आधी ब्रेक पूर्ण सोडून देतो, मी वळणात दाबतो. लिंबू आत. आईनं घरी आल्यावर वडिलांना सांगितलं, 'गाडी बरी आहे हो, हाच धसमुसळा आहे.'

तरी स्टीअरिंगचा फरक खराच आहे, तो मी मागे घेत नाही. भावाच्या गाडीचं स्टीअरिंग मधोमध घट्ट बसतं, रस्ता हाताला कळतो. माझ्या गाडीत दोन बोटं पोकळ. सहा वर्षांचे बुश (सस्पेन्शनमधले रबरी जोड) बदलले तर किती सुधारेल?

---

पाना_दहाबारा

लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि अलाइनमेंट एवढं करून घ्या, पोकळी निम्मी जाईल. नवीन घ्यायच्या आधी हे कराच. आणि टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या माणसाला सांगा, बायपासवर नको, कात्रजचा जुना घाट. नाही म्हणाला तर दुसरं शोरूम.

---

सुसाट_सुनबाई

आणि मागच्या सीटवर आईंनाच बसवा. त्यांच्याइतकं प्रामाणिक यंत्र गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआयकडेही नसेल.

---

घाटमाथेकर

यादी आता तिघांवर आलीय: १.५ लिटरची व्हर्टस, कुशाक, आणि ३एक्सओ टर्बो पेट्रोल. हॅरिअर बजेटच्या काठावर, वडिलांचा जीव तिच्यात. शेवटचा प्रश्न, हसू नका. सासरे दर मेमध्ये हापूसच्या सहा लाकडी पेट्या देतात, पाच डझनी. व्हर्टसची डिकी ५२१ लिटर, कुशाकची ३८५. पण पेटी लिटरमध्ये मोजत नाहीत. कुणी प्रत्यक्ष भरून बघितल्यात का?

---

लाल_मातीतला

मी भरल्यात, चुलतभावाच्या सेडानमध्ये. डिकी खोल आहे, पण तोंड अरुंद. तळाला चार सुखानं जातात, त्यांच्यावर पाचवी ठेवायला गेलात तर झाकणाच्या बिजागरीचा दांडा पेटीवर बसतो आणि वरच्या थराची चटणी. उरलेल्या दोन मागच्या सीटवर, पट्टा लावून. आई पुढे बसतील, म्हणजे लिंबाचाही प्रश्न सुटला.